ऑनलाइन हिशेबवर्गातले विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात का गळतात आणि त्यांना टिकवावे कसे?

प्रश्न
वाणिज्य शिक्षिका, जुळे सोलापूर

नमस्कार. आम्ही काही शिक्षक मिळून टॅली (हिशेब ठेवण्याचे संगणकीय सॉफ्टवेअर) आणि जीएसटी (वस्तू व सेवा कर) यांचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मराठीतून चालवतो. शुल्क नाममात्र आहे. ज्यांना पुण्याला राहून शिकणे परवडत नाही, त्यांना सोलापुरातच लेखा सहायकाचे काम मिळावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातल्या मुली, अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत कारकुनी करणारे तरुण आणि लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या पूर्व भागातल्या स्त्रिया, असा आमचा वर्ग असतो.

अडचण अशी आहे, की प्रत्येक तुकडीचा उत्साह लवकर ओसरतो. तुकडी महिन्याच्या १ तारखेला सुरू होते. पहिल्या आठवड्यात ग्रुपवर भरपूर हालचाल असते, दुसऱ्या आठवड्यात स्वाध्याय पाठवणाऱ्यांची संख्या रोडावते आणि तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ निम्मा वर्ग दिसेनासा होतो. एकदा गेलेले विद्यार्थी सहसा परतत नाहीत. संध्याकाळी सात वाजता थेट वर्ग असतो आणि ज्यांना त्या वेळी जमत नाही त्यांच्यासाठी त्याचेच पाऊण तासाचे रेकॉर्डिंग आम्ही ग्रुपवर टाकतो. वर्गाच्या शेवटी ‘काही शंका आहेत का?’ असे विचारले, तर कोणीही बोलत नाही. प्रश्नमंजूषा ठेवून पहिल्या तिघांची नावे जाहीर करून पाहिली. त्यामुळे पुढची मुले अधिक जोमाने अभ्यास करू लागली, परंतु मागे पडलेल्यांवर त्याचा काहीच परिणाम झाला नाही.

आमच्यातल्या काहींचे मत आहे, की व्हिडिओ अॅनिमेशन वापरून आकर्षक करावेत. काहींना वाटते, की शुल्क वाढवल्याशिवाय लोक गांभीर्याने घेणार नाहीत. आमचे पैसे आणि वेळ दोन्ही मर्यादित असल्यामुळे सगळेच करून पाहणे शक्य नाही. ज्यांनी असे वर्ग चालवले आहेत त्यांचे आणि ज्यांनी असा एखादा वर्ग मध्येच सोडला आहे त्यांचेही म्हणणे मला ऐकायचे आहे.


उत्तर
दूरशिक्षण अभ्यासकेंद्राचा निवृत्त समंत्रक, पंढरपूर

ताई, अॅनिमेशनवर पैसे खर्च करू नका, हे आधी सांगतो. तुमच्याकडे येणारी माणसे करमणुकीसाठी येत नाहीत आणि कंटाळा आला एवढ्यासाठी जातही नाहीत.

गळती ही केवळ तुमच्या वर्गाची गोष्ट नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावर विद्युत परिपथांचा पहिला खुला अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा सुमारे १,५५,००० लोकांनी नावे नोंदवली आणि उत्तीर्ण झाले ते ७,००० हून थोडे अधिक. पुढे हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमांची आकडेवारी तपासून जस्टिन राइक आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जे मांडले, त्यानुसार नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रम उघडूनही पाहिला नव्हता आणि २०१७-१८ या वर्षात तो पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले, त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी अधिक होते, हे खरे. परंतु त्यावरून शुल्क वाढवले की लोक टिकतात असा निष्कर्ष काढू नये, कारण पैसे भरणारा माणूस मुळातच पूर्ण करण्याच्या निश्चयाने आलेला असतो. तुमच्याकडे शुल्क वाढवले तर पूर्व भागातल्या ज्या स्त्रियांसाठी हा वर्ग आहे, त्याच प्रथम बाहेर राहतील.

आता रेकॉर्डिंगविषयी. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्सवरील व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख सत्रांचा अभ्यास केला. त्यात असे दिसले, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक साधारणपणे जास्तीत जास्त सहा मिनिटे टिकतो, आणि स्टुडिओत खर्च करून केलेल्या चित्रीकरणापेक्षा शिक्षकाने टेबलाशी बसून समोरच्या एकाशी बोलावे तसे केलेले साधे चित्रीकरण अधिक पाहिले जाते. त्यांचा आणखी एक निष्कर्ष तुम्हाला थेट लागू पडतो. वर्गातल्या व्याख्यानाचे रेकॉर्डिंग नंतर तुकडे करून दिले, तरी ते मुळातच ऑनलाइनसाठी तयार केलेल्या पाठाइतके पाहिले जात नाही. त्यामुळे पाऊण तासाच्या रेकॉर्डिंगऐवजी एका मुद्द्याचा एक, असे पाच-सहा मिनिटांचे वेगळे पाठ घरातल्या टेबलावर मोबाइल उभा करून तयार करावेत.

परंतु व्हिडिओ लहान केल्याने काम निम्मेच होते. पाठ संपल्यावर विद्यार्थ्याने लगेच काहीतरी हाताने केले पाहिजे, आणि ते केल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, परंतु आठवड्यानंतर ज्यांनी वाचण्याऐवजी आठवून लिहिले होते ते पुढे निघाले. व्हिडिओ पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते. आठवड्याने व्हाउचर, म्हणजे टॅलीतली व्यवहाराची नोंद, समोर आले, की हात थांबतो, आणि ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे वाटू लागते. तुमचा तिसरा आठवडा मला तिथे दिसतो.

उदाहरण देतो. ‘राज्यांतर्गत आणि आंतरराज्य विक्री’ हा पाठ संपल्यावर शंका विचारू नका, तीन बिलांचे फोटो पाठवा. सोलापूरच्या टॉवेल विक्रेत्याने एक बिल बार्शीच्या दुकानदाराला केले आहे, दुसरे विजयपूरच्या आणि तिसरे हैदराबादच्या. खरेदीदारांचे जीएसटी क्रमांक अनुक्रमे २७, २९ आणि ३६ ने सुरू होतात. प्रत्येक बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचे केंद्राचे व राज्याचे कर) लागेल की आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा एकत्रित कर), एवढेच रात्रीपर्यंत कळवायला सांगा. महाराष्ट्राचा संकेतांक २७ असल्याने पहिल्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, उरलेल्या दोन्हींवर आयजीएसटी. हे उत्तर द्यायला एक मिनिट पुरते, उत्तर एकतर बरोबर असते किंवा चूक, आणि ज्याने आयुष्यात कधी ग्रुपवर लिहिले नाही त्यालाही ते देता येते. ‘शंका आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मात्र आपल्याला नेमके काय कळलेले नाही हे आधी कळावे लागते आणि नंतर ते सर्वांसमोर कबूल करावे लागते. नवशिक्याकडून ही अपेक्षा फार मोठी आहे.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी दूरशिक्षणाचा विचार मांडताना म्हटले आहे, की शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातले खरे अंतर मैलांचे नसून समजुतीचे असते, आणि त्यांच्यात संवाद किती होतो व अभ्यासक्रमाची रचना कशी आहे यावर ते कमीजास्त होते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे १९८९ पासूनच्या, परंपरेत आम्ही काम केले तेव्हा संगणक नव्हते. टपालाने आलेला गृहपाठ होता. शेरा लिहून परत गेलेल्या गृहपाठानंतर पुढचा गृहपाठ येत असे, आणि शेऱ्याविना नुसते गुण गेले, की तो येण्याची शाश्वती नसे. माध्यम बदलले आहे, पण माणूस तोच आहे.


उत्तर
अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक, सोलापूर

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. थेट वर्ग बंद करून सगळेच लहान व्हिडिओंवर सोपवू नये. ठरलेली वेळ आणि ठरलेली मुदत नसेल, तर कामाच्या रगाड्यात अभ्यास नेहमीच उद्यावर जातो.

आमचे विद्यार्थी ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरील एनपीटेलचे, म्हणजे आयआयटींच्या उपक्रमाचे, अभ्यासक्रम करतात. तिथे नोंदणी विनामूल्य असते, दर आठवड्याला मुदतीचा स्वाध्याय असतो, अंतिम निकालात स्वाध्यायांचा वाटा २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचा वाटा ७५ टक्के असतो. या रचनेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठपैकी सर्वोत्तम सहा स्वाध्यायांचेच गुण धरले जातात. मुदत कडक राहते, आणि तरीही घरात लग्न निघाले किंवा मूल आजारी पडले म्हणून एखादा आठवडा गेला, तर विद्यार्थी बाद होत नाही. तुमच्याकडून गेलेले लोक परतत नाहीत, याचे कारण मला इथे दिसते. दोन स्वाध्याय चुकलेल्याला परत येण्याचा रस्ता आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेले असावे.

थेट वर्ग आठवड्यातून एकदाच घ्या, परंतु त्यात नवे काही शिकवू नका. आठवडाभरात आलेल्या उत्तरांपैकी सर्वाधिक चुकलेली दोन बिले पडद्यावर घ्या आणि नाव न घेता सोडवून दाखवा.


उत्तर
टॉवेल कारखान्यातील लेखा सहायक, सोलापूर

मॅडम, असा वर्ग मध्येच सोडलेल्यांपैकी मी एक आहे, म्हणून लिहीत आहे. तो वर्ग कोणाचा होता ते सांगणार नाही. शिक्षक चांगले होते आणि विषयाचा कंटाळाही आला नव्हता.

तुमची तुकडी १ तारखेला सुरू होते, असे आपण लिहिले आहे. आमच्यासारख्यांचा महिना कसा जातो ते पाहावे. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचे विवरण) साठी ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी (करभरण्याचे विवरण) साठी २० तारीख असते. १ तारखेला सुरू झालेल्या वर्गाच्या दुसऱ्या आठवड्यात ११ तारीख येते आणि तिसऱ्या आठवड्यात २०. त्या दिवसांत शेठजींच्या बिलांचा ढीग उपसताना घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. वर्ग सात वाजताचा असला, तर तो हमखास बुडतो. आपल्याकडे तिसऱ्या आठवड्यात निम्मा वर्ग दिसेनासा होतो, हे वाचल्यावर मला प्रथम ती २० तारीखच आठवली. त्यात जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते, नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय रथोत्सव असतो. त्या दिवशी आमच्या घरातली कोणतीही बाई मोबाइल घेऊन अभ्यासाला बसणार नाही, आणि बसावे अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये.

दुसरी गोष्ट संगणकाची आहे. व्हिडिओ मोबाइलवर पाहता येतो, परंतु व्हाउचर टाकण्याचा सराव संगणकावरच करावा लागतो, आणि अनेकींच्या घरी संगणक नसतो. मी भावाच्या जुन्या लॅपटॉपवर टॅलीचे शैक्षणिक रूप घेतले होते, कारण त्याला परवाना लागत नाही. आमच्या स्वाध्यायात १४ तारखेचे विक्रीचे बिल होते. एफ-८ दाबून विक्रीचे व्हाउचर उघडले, तारीख टाकली, तर ती काही केल्या घेतली जाईना. शैक्षणिक रूपात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांची नोंद करता येते, हे मला कोणी सांगितले नव्हते. माझ्याच हातून काहीतरी बिघडले असे समजून मी लॅपटॉप बंद केला. ग्रुपवर विचारावे असे वाटले होते, परंतु तिथे सगळे शुद्ध मराठीत टाइप करत होते. माझे शिक्षण तेलुगू माध्यमातून झाले आहे, बोलायला मराठी येते, पण लिहिताना चुका होतात, म्हणून तेही राहून गेले. नंतर स्वाध्याय साचत गेले, आणि साचलेले पाहून उघडायचीच भीती वाटू लागली. त्या दिवसांत एका माणसाने फोन करून ‘तुमचे कुठे अडले आहे?’ एवढे विचारले असते, तर मी तो वर्ग पूर्ण केला असता, असे मला आजही मनापासून वाटते.

आपल्या सरावाच्या बिलांवर १, २ किंवा ३१ याच तारखा घालाव्यात आणि तसे का केले आहे तेही पहिल्याच पाठात सांगावे. उत्तरे आवाजी संदेशाने चालतील, तेलुगू-कन्नडमधली चालतील, असेही सांगावे. बिलावर कर कोणता लागतो हे ज्याला कळले आहे, त्याने ते कोणत्या भाषेत सांगितले याने काय फरक पडतो?


प्रश्नकर्तीचे म्हणणे
वाणिज्य शिक्षिका, जुळे सोलापूर

तिघांचीही मी मनापासून आभारी आहे. विवरणपत्रांच्या तारखांचा आणि गळतीचा असा मेळ घालून आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. जुन्या तुकड्यांची हजेरी आता त्या दृष्टीने काढून पाहत आहे. नोकरी करणारे विद्यार्थी ११ आणि २० या तारखांच्या आसपास गेलेले दिसतात. घरी असलेल्या स्त्रियांच्या गळतीला मात्र तारखांचा असा नियम दिसत नाही, तेव्हा तिथे संगणकाचा प्रश्नच मोठा असावा. त्यासाठी ओळखीच्या एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा रविवारी सकाळी मिळते का, याची विचारणा करत आहे.

दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. आम्ही शिक्षक मोजके आहोत. प्रत्येकाने रोज उत्तर पाठवायचे आणि प्रत्येकाला आम्ही शेरा द्यायचा, हे नोकरी सांभाळून कसे निभवावे? आणि तुकडी केव्हा सुरू करावी?


उत्तर
दूरशिक्षण अभ्यासकेंद्राचा निवृत्त समंत्रक, पंढरपूर

प्रत्येकाला रोज स्वतंत्र शेरा देण्याची गरज नाही. ज्या स्वाध्यायाचे उत्तर निश्चित असते, तो गूगल फॉर्मवर प्रश्नमंजूषेच्या स्वरूपात द्या. बरोबर-चूक तिथल्या तिथे कळते, आणि चुकीच्या उत्तरासाठी तुम्ही आधीच लिहून ठेवलेला खुलासाही तिथेच दिसतो. हा खुलासा लिहिण्यावर मात्र वेळ खर्च करा. ‘चूक, योग्य उत्तर आयजीएसटी’ एवढ्याने काही होत नाही. ‘खरेदीदाराच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पुन्हा पाहा, ते २७ आहेत का?’ असे विचारले, की विद्यार्थी स्वतःच बिलाकडे परत जातो. एखादा खुलासा एकदा लिहिला, की पुढच्या सर्व तुकड्यांना तो उपयोगी पडतो.

माणसाचा वेळ राखून ठेवायचा तो जे बोलत नाहीत त्यांच्यासाठी. ज्याने पहिल्या तीन दिवसांत एकही उत्तर दिले नाही, त्याला चौथ्या दिवशी फोन गेला पाहिजे. त्या फोनमध्ये ‘अभ्यास का केला नाही?’ असे विचारू नये. कारखान्यातल्या ताईंनी वर जो प्रश्न लिहिला आहे, तोच विचारावा. शिवाय सगळ्यांचा एक मोठा ग्रुप न ठेवता पाच-सहा जणांचे लहान गट करा, आणि एकाच पेठेतले किंवा एकाच कारखान्याच्या परिसरातले लोक शक्यतो एका गटात घ्या. मोठ्या ग्रुपवर गप्प बसणारी बाई शेजारणीला नक्की विचारते.


उत्तर
टॉवेल कारखान्यातील लेखा सहायक, सोलापूर

तुकडी २१ तारखेला सुरू करावी, असे मी सुचवेन. २० तारखेचे विवरण भरून झालेले असते, म्हणजे पहिले दोन आठवडे आम्हाला मोकळे मिळतात आणि तेवढ्यात रोज थोडे करण्याची सवय लागते. मग ११ तारीख तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस किंवा चौथ्याच्या सुरुवातीस येते आणि २० तारीख पाचव्या आठवड्यात येते. त्या दोन वेळी नवा पाठ देऊ नये.

त्याऐवजी, मॅडम, आमच्या कामालाच पाठ करता आले तर पाहावे. ११ तारखेच्या आधी ‘बिले वेगळी काढणे’ हा विषय ठेवला, तर जीएसटी क्रमांक असलेल्या खरेदीदारांची बिले कोणती आणि नसलेल्यांची कोणती, हे आम्ही कामावर बसल्या बसल्याच करत असतो. शेठजींचे आकडे किंवा गिऱ्हाइकांची नावे ग्रुपवर टाकू नयेत, एवढी ताकीद मात्र आधी द्यावी. ‘आज किती बिले वेगळी केली आणि कोणत्या बिलाशी अडले’ इतकेच आवाजी संदेशाने सांगायला ठेवावे.


प्रश्नकर्तीचे म्हणणे
वाणिज्य शिक्षिका, जुळे सोलापूर

हे करता येण्यासारखे आहे. घरी असलेल्यांसाठी त्याच आठवड्यात काल्पनिक बिलांचा संच देऊ, म्हणजे दोघेही एकच पाठ आपापल्या परीने करतील. पुढची तुकडी २१ तारखेलाच सुरू करत आहोत. सराव-बिलांवरच्या तारखा १, २ आणि ३१ अशा बदलण्याचे काम सहकाऱ्यांनी आजच वाटून घेतले आहे. आठपैकी सहा स्वाध्यायांचा नियम प्रवेश अर्जावरच छापू. चौथ्या दिवशीचे फोन मी स्वतः करणार आहे. ज्यांना तेलुगूत बोलणे सोपे जाते त्यांच्याशी बोलण्यासाठी मागच्या एखाद्या तुकडीतली विद्यार्थिनी मिळाली तर फार बरे होईल. कारखान्यातल्या ताईंना स्वतःला ते जमणार असेल, तर त्यांनी इथेच कळवावे. त्यांचा राहिलेला अभ्यासक्रम आमच्याकडे पूर्ण करायचा असेल, तर त्यांच्याकडून कोणतेही शुल्क घेणार नाही.


उत्तर
टॉवेल कारखान्यातील लेखा सहायक, सोलापूर

दोन्ही जमेल, मॅडम. ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन दिवस सोडून रात्री साडेआठनंतर मी फोन करू शकेन.